सगळ्यांना सहाच ओळी

अण्णा, परवा तुमचा फोटो छापला आम्ही. दोन कॉलमी, चौकटीत. मजकूर मीच लिहिला. ‘ज्येष्ठ पत्रकार’ लिहिलं, ‘निर्भीड’ लिहिलं, ‘पोकळी’सुद्धा लिहिली. तुम्ही असतात तर लाल पेनाने सगळं उडवलं असतंत आणि वर विचारलं असतंत, ‘पोकळी कुठं पडली गं शोभा? चल, दाखव मला.’ संपादक म्हणाले, मॅडम, जागा आहे, अजून थोडं वाढवा. मी वाढवलं. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाचीही निधनवार्ता सहा ओळींच्या पुढे जाऊ दिली नाही, त्याची मी दोन कॉलम केली. चिडा. चिडा माझ्यावर, मला बरं वाटेल.

काल तुमच्या घरी जाऊन आले. काकू काय म्हणाल्या ते सांगायचंच आहे, पण आधी मला माझं सगळं ओकू द्या. मध्येच चष्मा कपाळावर चढवून ‘मुद्द्याला ये’ म्हणू नका. तेवढी एक सवय आता तरी सोडा.

आपला पेपर कसा होता हे ऑफिसातल्या नव्या पोरांना सांगायला गेले की ती हसतात. चार पानांचं सायंदैनिक. मेनरोडच्या मागच्या बोळात खाली छपाईचं मशीन, वर पोटमाळा, पोटमाळ्यावर आपण पाच-सहा डोकी आणि एक टेबलफॅन, जो कसाही फिरवला तरी शेवटी तुमच्याकडेच तोंड करायचा. पेपरचं खरं नाव तुमच्या वडिलांनी ठेवलेलं, संस्कृत, जोडाक्षरांनी गच्च भरलेलं. गावात ते कोणाच्याच जिभेवर बसलं नाही. सगळं नाशिक त्याला ‘चारपानी’ म्हणायचं. दुपारी अंक निघाला की सायकली सुटायच्या भद्रकाली, पंचवटी, सीबीएसकडे. शेवटचे गठ्ठे एसटीत टाकून दिंडोरीला आणि वणीला. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, जो तो अंक हातात घेतला की आधी तिसरं पान उघडायचा. तिसऱ्या पानावर उजव्या बाजूला निधनवार्ता. पहिल्या पानावर तुम्ही महापालिकेची सालटी काढायचात, त्याला कोणी विचारत नव्हतं. कोण गेलं, ते आधी.

मी आले तेव्हा सिंहस्थ नुकताच उरकला होता. नाशिक रोडला आमच्या कॉलनीत ‘प्रेस’ म्हणजे एकच, नोटांचा. माझे वडील तिथेच कामाला. शोभाला प्रेसमध्ये नोकरी लागली असं आईने सांगितलं आणि शेजारणींनी मला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. खरं काय ते कळल्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. वडील मात्र म्हणाले, ‘मी नोटा छापतो, तू मयती छाप. दोन्हीला सुट्टी नाही.’ हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि काकूंच्या डब्यातलं ताक प्रूफावर सांडलं.

मयतीच दिल्यात तुम्ही मला. ‘फोनवर घ्यायची नाही. शेजाऱ्याकडून घ्यायची नाही. दारात जायचं, चपला काढायच्या, घरच्या माणसाकडून घ्यायची.’ नाव, वय, कुठल्या गल्लीतले, काय काम करायचे, मागे कोण, पुढचा विधी कुठे. झाल्या सहा ओळी. पदव्या नाहीत, फोटो नाही, ‘दुःखद’ नाही. नगरसेवकाच्या वडिलांना सहा, मार्केट यार्डातल्या हमालाला सहा, आणि कोणाकडूनच एक पैसा घ्यायचा नाही. पहिले काही महिने मी घरी येऊन आंघोळ करायचे आणि आई ओरडायची, कुठली मेली नोकरी ही. पण नाशिक मला कळलं ते ह्या घरांतूनच. नाहीतर माझ्यासारख्या नाशिक रोडच्या पोरीला जुन्या नाशकातल्या गल्ल्या कोणी दाखवल्या असत्या?

आपलं पहिलं भांडण आठवतं का? आमच्या बौद्ध समाजातले एक मास्तर गेले होते. मी ‘जलदान विधी’ लिहून दिलं. कंपोझिटरने हाताच्या सवयीने ‘दशक्रिया’ जुळवलं, वर रामकुंडही घातलं. प्रूफ हातात आलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘ह्या माणसाने जन्मभर रामकुंडाकडे पाठ केली, आणि मेल्यावर तुम्ही त्याला तिथंच नेऊन बसवताय होय!’ पहिला पगार अजून हातात पडला नव्हता आणि मी मालकावर ओरडत होते. तुम्ही प्रूफ पाहिलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, ‘बरोबर आहे तिचं. मशीन थांबवा.’ त्या दिवसापासून ज्या घरी जो शब्द, तोच आपल्या पेपरात. मला वाटलं, चला, भांडून जिंकता येतं अशी जागा मिळाली. मग काय, रोजच सुरू झालं. मथळ्यांवरून, कॉम्प्युटर घ्यायचा की नाही त्यावरून, खिडकी उघडी ठेवायची की बंद त्यावरून. काकू डबा घेऊन यायच्या तेव्हा जिन्यातूनच विचारायच्या, ‘आज कशावरून?’

एकदा मी आळस केला. पंचवटीत भर उन्हात कुठं ती गल्ली शोधायची म्हणून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून नाव-गाव घेतलं. गल्लीत एकाच नावाचे दोघे होते. गेला एक, मी घातला दुसरा. दुसऱ्या दिवशी तो दुसरा स्वतः पोटमाळ्यावर हजर, धोतर-टोपी, हातात पेपर. ‘ओ ताई, मी जित्ता हाय! मला काय धाड भरली नाय! आन वणीवरनं माझी मेव्हणी टेम्पो भरून माणसं घिऊन रडत आलीय, त्यास्नी जेवू कोन घालनार?’ तुम्ही उठलात, त्याच्यापुढे हात जोडलेत आणि मला घेऊन त्याच्या घरी गेलात. टेम्पोतल्या सगळ्या माणसांची माफी मागितलीत. मग त्यांच्याच पंगतीला बसून पिठलं-भाकरी हाणलीत. मी मान वर केली नाही. पुढच्या अंकात त्याला पुन्हा सहा ओळी. शेवटची तुमच्या हातची, ‘प्रकृती ठणठणीत असून आवाजही मोठा आहे.’ लोकांनी ते कात्रण किती दिवस खिशात ठेवलं होतं. मला तुम्ही एवढंच विचारलंत, ‘पाय दुखत होते का तुझे?’ मी नाही म्हटलं. ‘मग?’ म्हणालात आणि कामाला लागलात. त्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

पण फोटोवरचं आपलं भांडण काही मिटलं नाही. एका बिल्डरची आई गेली. त्याला अर्धं पान हवं होतं, फोटो, चारी बाजूंनी काळी चौकट. तुम्ही सहा ओळी दिल्यात आणि त्याच्या सगळ्या जाहिराती बंद झाल्या. मी म्हटलं, ‘अण्णा, एक फोटो छापला तर आभाळ कोसळणार आहे का?’

‘ज्याच्याकडे फोटोच नाही, त्याचं काय करशील?’

‘असतोच हो आता सगळ्यांकडे.’

‘जा, बघून ये. तुलाच तर पाठवतो घरोघरी.’

मी पाहिलंच होतं. कितीतरी घरांत रेशनकार्डावरच्या फोटोशिवाय काही नसायचं. पण खरं सांगू? बायका मला दारात विचारायच्या, ‘ताई, फोटो नाही का टाकत?’ त्यांना त्या माणसाचं तोंड पेपरात बघायचं असायचं. ह्या बाबतीत तुम्ही हट्टी होतात, हे मी आजही म्हणणार. तुम्ही गेलात म्हणून लगेच तुमचं सगळं बरोबर, असं नाही चालायचं.

मग मोठा पेपर आला. नाव घेत नाही, अजून त्यांचंच मीठ खाते. रंगीत पानं, गंगापूर रोडला काचेचं ऑफिस, आणि वर्षाची वर्गणी भरली की प्लास्टिकची खुर्ची फुकट. घराघरांत त्या निळ्या खुर्च्या दिसायला लागल्या. मला बोलावणं आलं. मी गेले, का नाही जाणार? मला मोठं व्हायचं होतं. बातमीवर माझं नाव यायला हवं होतं. समोर बसलेल्या तिघांनी विचारलं, ‘नाशिककर हा चारपानी अजून का घेतात हो?’ सवय म्हणून घेतात, असं सांगून मला सुटता आलं असतं. पण माझी जीभ! म्हणाले, ‘तिसऱ्या पानासाठी. निधनवार्ता तुम्ही घ्या. फुकट घ्या, फोटोसकट घ्या. वर्षभरात गाव तुमचं.’ तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझी नोकरी तिथेच पक्की झाली. जिना उतरताना मला काय अभिमान वाटत होता, अण्णा! आपण किती हुशार, म्हणून स्वतःशीच हसत होते. ते हसू आठवलं की आज कानशिलं तापतात.

तुम्हाला सांगायला आले तेव्हा तुम्ही मथळे करत बसला होतात. सगळं ऐकून घेतलंत. मग विचारलंत, ‘फुकट किती दिवस?’

‘कायम.’

‘असं म्हणाले ते?’

‘त्यात म्हणायचं काय? एवढा मोठा पेपर, त्यांना काय ह्या पैशाची पडलीय?’

‘शोभा, जो खुर्ची फुकट देतो ना, तो खुर्चीचे पैसे कुठून तरी काढतोच.’

आणि मी काय बोलले? ‘तुम्हाला माझं भलं बघवत नाही. जळता तुम्ही.’ असं म्हणाले मी. तुम्हाला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दिलं नाहीत. जिन्यात काकू डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही काही विचारलं नाही, बाजूला सरून मला वाट दिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण सगळं माहीत नाही. मी त्याच दारांत गेले, अण्णा. त्याच गल्ल्या, तीच घरं. लोक म्हणायचे, ‘चारपानीच्या ताई आल्या, बसा.’ आणि पाणी द्यायचे, माहिती द्यायचे, ट्रंकेतून फोटो काढून द्यायचे. मी आता दुसरीकडे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ना? मयतीच्या घरात कुठे हे बोलत बसायचं, अशी स्वतःची समजूत घातली. तुम्ही कमावलेला विश्वास मी तुमच्याच नावावर उचलून दुसऱ्याच्या घरात नेऊन टाकला.

सलूनवाल्यांनी चारपानी बंद केला. मग टपऱ्यांनी. दिंडोरीचे गठ्ठे परत यायला लागले असं ऐकलं. पुढचा सिंहस्थ यायच्या आधीच पेपर थांबला. शेवटचा अंक मी ऑफिसात टेबलाखाली धरून वाचला. अग्रलेखात रडगाणं असेल म्हणून घाबरत उघडला, तर अग्रलेख गटारीवर होता. तिसऱ्या पानावर नेहमीसारख्या निधनवार्ता. चौथ्या पानाच्या तळाला, ‘उद्यापासून अंक निघणार नाही. वाचकांचे आभार.’ मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मीटिंगला गेले.

आणि तुमचा प्रश्न? फुकट किती दिवस? तुमचं मशीन भंगारवाल्याने नेलं आणि थोड्याच दिवसांत आमच्याकडे खाली काउंटर लागला. निधनवार्ता आता सेंटिमीटरवर, पैसे मोजून. मी भांडले का? एकदा मीटिंगमध्ये तोंड उघडलं. साहेब म्हणाले, ‘मॅडम, आयडिया तुमचीच होती, छान चालली.’ सगळे हसले. मी पण हसले.

एकदा त्या काउंटरपाशी मखमलाबादची एक बाई उभी होती. फुलं पिकवणारं घर, घाटावर झेंडूचे वाटे लावून बसणारी. तिच्या सासूच्या सहा ओळी आपण छापल्या होत्या, मीच गेले होते घरी. आता नवरा गेला होता. काउंटरवरच्या पोराने भाव सांगितला तशी ती दोन पावलं मागे सरली. तेवढ्यात मी जिन्यावरून उतरत होते. तिने ओळखलं. ‘ताई, तुमी तवा आलत्या ना घरी? ह्यांचं बी टाका की तेवढं.’

मी म्हटलं, ‘मावशी, आता नियम आहे.’

‘नियम तर तवा बी व्हता,’ ती म्हणाली. रागाने नाही. आठवण करून दिल्यासारखी. आणि पदर सारखा करून निघून गेली.

मला तिला थांबवता आलं असतं. पदरचे भरता आले असते. काहीच केलं नाही. जागच्या जागी उभी राहिले. त्या नवऱ्याचं नावही मी विचारलं नाही. अण्णा, ह्या गावात तो माणूस कुठेच छापला गेला नाही, आणि त्याच्यासारखे आणखी किती, ते मला मोजायचं धाडस नाही.

त्यानंतर मी तुमच्यासमोर येऊ शकले नाही. खूप काम असतं, हे लोकांना सांगायचं कारण. रविवार कारंजावर तुम्ही एकदा समोरून पिशवी घेऊन येताना दिसलात, थोडे वाकलेले. मी पटकन भांड्यांच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना एक झारा घेऊन बाहेर पडले. तो झारा अजून घरात आहे, मी वापरत नाही. मग एकदा तुमचा ऑफिसात फोन आला. ऑपरेटर हाताने रिसीव्हर झाकून म्हणाली, ‘कोणी अण्णा आहेत.’ मी मान हलवली. ती म्हणाली, ‘मॅडम बाहेर आहेत.’ गावातल्या प्रत्येक मयतीच्या दारात मी गेले, पण जिवंतपणी तुमच्या दारात मला जाता आलं नाही. काय बोलणार होते? तुम्ही बरोबर होतात, असं? मला ते शब्द काढता येत नव्हते. त्यापेक्षा तुम्ही मला विसरलात असं धरून चालणं सोपं होतं.

गेल्याचं कळलं ते ऑफिसातल्या एका पोराकडून. ‘मॅडम, ते चारपानीवाले म्हातारे गेले. तुम्ही त्यांना ओळखायचात ना?’ ओळखायचे म्हणाले. अंत्ययात्रेला आले नाही. पान लावायचं होतं, हेही एक कारण.

काल शेवटी आले. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली होती, पाहुणे बसले होते. तुमच्या जावयांनी ओळख करून दिली, ‘ह्या शोभाताई, अण्णांच्या हाताखाली तयार झाल्या.’ सगळे फार चांगलं बोलले. अण्णा किती कौतुकाने माझं नाव घ्यायचे, म्हणाले. त्यांच्या मनात कोणाविषयी किल्मिष नव्हतं, म्हणाले. मी रुमालाने डोळे टिपत होते आणि आतल्या आत, शपथेवर सांगते, सुटल्यासारखं वाटत होतं. बरं झालं, मिटलं. विसरले होते ते. मी निघायला उठले.

काकूंनी मला आत बोलावलं. ओट्याला टेकून उभ्या होत्या. ओट्यावर शेजाऱ्यांकडून आलेले डबे.

‘बाहेर जे बोलले ना ते, त्यातलं काही खरं नाही,’ त्या म्हणाल्या. ‘राग होता त्यांचा तुझ्यावर. शेवटपर्यंत होता.’

मी विचारलं, ‘पेपर बंद झाला म्हणून ना काकू?’

‘पेपर कसला! तो जाणारच होता आज ना उद्या. ते मशीन पाहिलं नव्हतंस का तू? पेपरचा नाही राग. तू गेलीस त्याचाही नाही. तुझं काय बाई वयच होतं जायचं. तू आली नाहीस, त्याचा राग. एवढ्या वर्षांत एकदा नाही. रोज सकाळी तुमचा तो पेपर घेऊन बसायचे आणि चुका काढायचे, मोठमोठ्याने. ही ओळ कशाला, तो शब्द कशाला. मला काय कळतं त्यातलं? मी म्हणायचे, मला कशाला सांगता, तिला फोन करा. तर म्हणायचे, केला होता.’

मी खालीच बसले, फरशीवर. म्हटलं, ‘मी माफी मागायला यायला हवं होतं.’

‘माफीचं लोणचं घालायचं होतं का त्यांना?’ काकू चिडल्या, अगदी तुमच्यासारख्या. ‘कधी कोणाकडून माफी घेतली होती त्यांनी? ते म्हणायचे, येईल, जिन्यातूनच आरडाओरडा करत येईल. बेल वाजली की बघायचे. नंतर नंतर म्हणायचे, तिला लाज वाटते म्हणून येत नाही. मग चिडायचे. म्हणायचे, माझ्याशी कसली लाज? मी काय परका आहे?’

मी तिथे किती रडले ते सांगत नाही. काकूंनी रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, बस म्हटलं नाही. डबे लावत राहिल्या. मग एक ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं, आणि मी खाल्लं.

निघताना दारात चपला घालत म्हटलं, ‘काकू, उद्या परत येते.’

‘ये ना,’ त्या म्हणाल्या. ‘दहाव्याला ये, पुढेही येत जा. पण भांडायला आता घरात कोणी नाही.’